सहा बाय सहा

लेझर शस्त्रक्रियेने डोळ्यांचा नंबर घालवलेला माणूस म्हणून आमची गावात थोडीशी ख्याती आहे. 1999 साली आम्ही ती करून घेतली, तेव्हा वसईच्या आमच्या आळीत असे धाडस कोणी केले नव्हते. त्यामुळे ज्याच्या मुलामुलीला चष्म्याचा कंटाळा येई, तो आमच्या ओटीवर येऊन बसे आणि विचारी, "सर, कसं काय वाटतं?" आमचे उत्तर ठरलेले असे. "उत्तम! सहा बाय सहा!" एवढे बोलून आम्ही समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरे घडाघडा वाचून दाखवीत असू. पाहुणा चकित होऊन जाई आणि आमची छाती फुगे.

हे उत्तर खोटे नव्हते. पण ते पुरेही नव्हते. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली आणि त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. ती हकीकत आज सांगायची आहे.

चष्मा आम्हांला इयत्ता चौथीत लागला. फळ्यावरचे गणित दिसत नाही म्हणून आम्ही शेजाऱ्याच्या वहीत पाहून ते उतरवीत असू आणि गुरुजी त्याला चोरी समजून छडी देत. अखेर एके दिवशी त्यांनाच शंका आली आणि त्यांनी वडिलांना निरोप धाडला. पुढे नंबर इयत्तेबरोबर वर चढत गेला आणि कॉलेजात उणे साडेसहावर येऊन थांबला. ज्यांची दृष्टी चांगली आहे त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला हवा. डोळ्याचा गोळा पुढून मागे थोडा लांबट झाला की दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि दृश्य पुसट होते. उणे साडेसहा म्हणजे चष्मा काढला की सहा इंचांपलीकडचे सारे जग धुक्यात!

मुलांनी 'ढापण्या' हे नाव ठेवले, त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटे ते बावखलाच्या काठावर. उन्हाळ्यात आळीतली सारी पोरे बावखलात सूर मारीत. आम्हीही मारीत असू. पण पाण्यातून डोके वर काढले की काठ कोणत्या दिशेला आहे हे आम्हांला आवाजावरून ओळखावे लागे. एकदा पायरीवर काढून ठेवलेला चष्मा कोणाच्या तरी पायाने पाण्यात गेला. सगळ्यांनी बुड्या मारल्या, पण तो गाळात रुतला तो रुतलाच. त्या आठवड्यात वडिलांनी केळीचे लोंगर विकून आलेले पैसे चष्मेवाल्याच्या हातावर ठेवले. ते आम्हांला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी रागावावे असे आम्हांला त्या वेळी फार वाटले होते.

हे सारे मनात साचलेले असल्यामुळेच, मुंबईत लेझरने नंबर काढतात ही बातमी कानी आली तेव्हा आम्ही हरखून गेलो. तोवर आम्ही माध्यमिक शाळेत शिक्षक होतो, वय पस्तीस, दोन मुले. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होता. वडिलांना सांगितले तेव्हा ते ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. अडकित्ता थांबवून ते म्हणाले, "अरे, चष्म्याने दिसतं ना तुला? मग चांगला डोळा कापून कशाला घ्यायचा?"

आम्ही हसलो. जुन्या माणसांना विज्ञान कसे समजणार, असे काहीसे आमच्या मनात आले असावे. पण पुढे केव्हा तरी ध्यानात आले की वाडीत राबणाऱ्या आमच्या वडिलांनी या शस्त्रक्रियेतला सर्वांत अवघड प्रश्न एका वाक्यात विचारला होता. अपेंडिक्स सुजले तर ते कापावेच लागते. मोतीबिंदू पिकला तर काढावाच लागतो. इथे मात्र डोळा रोगी नसतो. चष्म्याने तो नीट पाहत असतो. केवळ सोयीसाठी आपण त्याच्यावर शस्त्र चालवू देतो. म्हणूनच इथे रोग्याला सगळे ठाऊक असण्याची गरज इतर शस्त्रक्रियांहून अधिक असते.

त्या यंत्राच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी शिजवलेल्या टर्कीचे उरलेले अवशेष ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर त्यांनी एक्सायमर लेझरचा किरण सोडला. 193 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा हा अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याने कूर्चेवर अत्यंत रेखीव खाच पाडली आणि कडा जराही भाजली नाही. हा किरण पदार्थ जाळत नाही, त्यातल्या रेणूंचे बंध तोडतो. दोन वर्षांनी श्रीनिवासन आणि न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हाच किरण डोळ्याच्या कॉर्नियावर कसा वापरता येईल हे दाखवून दिले. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा. त्याचा पातळ पापुद्रा उचलून आतला भाग घडवायचा, ही कल्पना त्याआधी कित्येक वर्षे कोलंबियातल्या होसे बाराकेर या शल्यविशारदांनी मांडली होती. ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या आयोआनिस पालिकारिस यांनी पापुद्रा आणि लेझर या दोहोंची सांगड घातली आणि त्या पद्धतीला 'लॅसिक' हे नाव दिले. सणाच्या ताटातले उष्टे आमच्या डोळ्यांपर्यंत असे येऊन पोहोचले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया मिनिटांत आटोपली. डोळ्यांत बधिर करणारे थेंब घातले. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची चिमटी बसवली. मग एक कडे डोळ्यावर दाबले गेले आणि काही क्षण समोरचे सारे काळेठिक्कर झाले. त्या क्षणांची आम्हांला कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती. दृष्टी गेली, अशी आमची खात्रीच झाली. दोन लहान मुले, वाडीतले म्हातारे वडील, सारे त्या काळोखात डोळ्यांपुढे उभे राहिले. यंत्राचे पाते घरघरत सरकले, पापुद्रा उचलला गेला आणि समोरचा तांबडा दिवा पुन्हा, पण पाण्यात बुडाल्यासारखा दिसू लागला. "दिव्याकडे बघत राहा, हलू नका," असा आवाज आला. टकटक असा नाद सुरू झाला आणि केस जळल्यासारखा वास आला. तो वास आपल्याच डोळ्याचा आहे हे कळल्यावर अंगावर काटा आला. मिनिटभरात नाद थांबला. दुसरा डोळाही तसाच झाला. संध्याकाळभर डोळ्यांत कोणी मिरची चोळावी तशी आग झाली आणि आम्ही काळा चष्मा लावून, सौभाग्यवतीचा हात धरून लोकलने घरी आलो.

दुसऱ्या दिवशीची पहाट मात्र आम्ही जन्मभर विसरणार नाही. डोळ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या झाकण्या काढल्या आणि सवयीने उशाशी चष्म्यासाठी हात गेला. तो हात तसाच राहिला. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ दिसत होते, पावणेसहा झाले होते. खिडकीबाहेर केळीच्या पानांच्या फाटलेल्या कडा एकेक करून मोजता येत होत्या. झाडाला पाने असतात हे आम्हांला ठाऊक होते. पण अंथरुणावरून ती दिसतात हे आम्हांला पस्तिसाव्या वर्षी कळले. आम्ही उठून ओटीवर गेलो. वडील वाडीत शिंपणे करीत होते. चाळीस पावलांवरून त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आम्हांला दिसल्या आणि आम्हांला रडू आले. डोळे ओले झाले तर अपाय होईल या भीतीने आम्ही ते आवरले.

आठवड्याने डॉक्टरांनी तक्त्यासमोर बसवले. सर्वांत खालची, अगदी बारीक ओळही आम्ही वाचली. डॉक्टरांनी कागदावर 6/6 असे लिहून त्याखाली रेघ ओढली आणि हस्तांदोलन केले. हेर्मान स्नेलेन या डच वैद्याने 1862 साली हा तक्ता तयार केला. निरोगी डोळा सहा मीटरवरून जे वाचतो ते आपणही सहा मीटरवरून वाचले, एवढाच 'सहा बाय सहा'चा अर्थ. आम्ही मात्र तो आयुष्याचा निकाल समजून पेढे घेऊन घरी आलो.

त्याच रात्री स्कूटरवरून स्टेशनहून घरी येताना पहिल्यांदा ते दिसले. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांतून चहूबाजूंनी किरणांच्या काड्या फुटल्या होत्या. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती, पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला पडते तसे खळे पडले होते. दोन दिव्यांमधून चालणारा माणूस त्या खळ्यात विरघळून जात होता. आम्ही स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

कारण साधे आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. लेझरने घडवलेले वर्तुळ तिच्याहून लहान पडले की कडेचा प्रकाश न घडवलेल्या भागातून आत शिरतो आणि वाट चुकतो. त्या काळातल्या यंत्रांची वर्तुळे लहान होती आणि आमच्यासारख्या मोठ्या नंबरला हा त्रास अधिक होई. पुढच्या तपासणीला आम्ही डॉक्टरांना तसे सांगितले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी पुन्हा तक्ता दाखवला, आम्ही पुन्हा शेवटची ओळ वाचली. "बघा, उत्तम आहे. बाकीची सवय होईल," असे ते म्हणाले. सवय झाली हे खरे. स्कूटर विकली. रात्रीची लग्नकार्ये शेजाऱ्याच्या रिक्षातून उरकू लागलो. पण दिवसभर स्वच्छ दिसते, शिवाय एवढा पैसा ओतला, वडिलांचे न ऐकता केले. आता कोणत्या तोंडाने कुरकुर करायची? आम्ही गप्प राहिलो. तक्ता उजेडात वाचायचा असतो आणि तेवढ्यात आमचे सगळे उत्तम होते. म्हणून कोणी विचारले की आम्ही उजेडातलेच तेवढे सांगत असू.

2004 साली आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आम्हांला विचारले. वय तिशीच्या आतबाहेर, लग्न ठरत आलेले, नंबर चार. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मोठ्या विश्वासाने विचारीत होत्या. आम्ही शिक्षक-खोलीतल्या भिंतीवरचे वेळापत्रक वाचून दाखवले आणि म्हणालो, "उत्तम! बिनधास्त करा." त्यांनी केली. नंबर गेला, लग्नही थाटात झाले. आम्ही अक्षता टाकाव्यात तसा आशीर्वाद देऊन मोकळे झालो.

तीन वर्षांनी परीक्षेचे पेपर तपासण्याचे दिवस होते. उकाडा असूनही बाई पंख्यापासून दूर, कोपऱ्यात बसल्या होत्या. दर पाच मिनिटांनी पर्समधून बाटली काढून त्या डोळ्यांत थेंब घालीत होत्या. आम्ही सहज चौकशी केली. त्या म्हणाल्या, "सर, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. पंख्याचा वारा सोसत नाही, खडूची धूळ सोसत नाही. सकाळी पापणी बुबुळाला चिकटलेली असते. डॉक्टर म्हणतात, तक्त्यावर तर सगळं छान आहे." मग थोडे थांबून, आमच्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "माझंही सहा बाय सहा आहे, सर. पण तुम्ही सांगितलं नव्हतंत."

कॉर्नियात ज्ञानतंतूंचे अतिशय दाट जाळे असते. डोळा कोरडा पडला की हेच तंतू अश्रूंना बोलावतात. पापुद्रा कापताना त्यांतले बरेचसे तुटतात. बहुतेकांचे ते काही महिन्यांत पुन्हा जुळतात आणि अश्रू पूर्ववत होतात. थोड्यांचे ते नीट जुळत नाहीत. बाई त्या थोड्यांतल्या निघाल्या. त्यांच्या डोळ्यांचा कोरडेपणा आमच्यामुळे आला नव्हता. आमचे डोळेही पहिले सहा महिने कोरडे पडले होते, उशाशी थेंबांची बाटली होती, हे मात्र आम्ही त्यांना सांगितले नव्हते. ते त्यांना कळले असते तर शस्त्रक्रियेआधी त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न अधिक विचारले असते. निदान पुढे जे वाट्याला आले ते सोसताना त्यांना असे एकटे वाटले नसते. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला आणि गुण देऊ लागलो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या आणि संरक्षण खात्याच्या साहाय्याने लॅसिक केलेल्या रोग्यांचे अनुभव पद्धतशीर विचारले. त्याचे निष्कर्ष 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. 95 टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. ज्यांना आधी खळी, किरणे, दुहेरी प्रतिमा असे काहीच दिसत नव्हते, त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी काही ना काही दिसत होते. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी 28 टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवत होता. दैनंदिन कामात फार अडचण यावी असा त्रास होणारे मात्र एक टक्क्याहून कमी. हे सारे आकडे एकाच वेळी खरे आहेत आणि आम्ही स्वतः त्यांतल्या पहिल्या दोन्ही रकान्यांत बसतो. पण आम्हांला चटका लावून गेले ते आणखी एक निरीक्षण. लोकांनी आपला त्रास डॉक्टरांना सांगितला त्याच्या दुपटीहून अधिक वेळा तो प्रश्नावलीच्या कागदावर लिहिला. म्हणजे गप्प बसणारे आम्ही एकटेच नव्हतो. उपकाराखाली दबलेला रोगी सगळीकडे सारखाच असतो.

आता भाचीची गोष्ट. ती मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. 2020 साली कोविडच्या विभागात तिने महिनोन्महिने काढले. अंगभर तो प्लॅस्टिकचा पोशाख, तोंडावर घट्ट मुखपट्टी आणि श्वासाने सतत धुकटणारा चष्मा. काच पुसायला हात लावायची सोय नाही. "मामा, रोग्याची शीर शोधायला मी दोन-दोन मिनिटं श्वास रोखून धरायची, काच निवळावी म्हणून," असे ती सांगे. 2022 च्या पावसाळ्यात ती ओटीवर आमच्या शेजारी येऊन बसली. वय सव्वीस, नंबर उणे साडेचार. म्हणाली, "मामा, तुम्ही लेझर केलंत ना? कसं वाटतं? मी करू का?"

'उत्तम' हा शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात पंख्यापासून दूर बसलेल्या बाई आठवल्या. ही मुलगी रात्रपाळी करते, पहाटे स्टेशनवरून स्कूटर चालवीत घरी येते. आम्ही तिला म्हणालो, "बस. सगळं सांगतो."

आणि आम्ही सगळे सांगितले. केळीच्या पानांची ती पहाट सांगितली. कड्याखालचा काळोख सांगितला. दिव्यांची खळी, विकलेली स्कूटर, थेंबांची बाटली सांगितली. बेचाळिसाव्या वर्षी वाचायचा चष्मा कसा लागला तेही सांगितले. वयपरत्वे डोळ्यातले भिंग ताठर होते, ते लेझरच्या हातचे नसते. पूर्वी चष्मा काढून आम्ही सुईत दोरा ओवीत असू, ते सुख गेले. ज्याची पाठवणी केली होती तो चष्मा माहेरपणाला परत आला! डोळ्याचा लांबटपणा लेझरने कमी होत नाही, म्हणून मागचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्यातला दाब मोजताना तो आहे त्याहून कमी भरतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीला गेल्यावर 'लेझर झाले आहे' हे आपण होऊन सांगावे लागते. आता आम्हांला मोतीबिंदूची सुरुवात आहे. आत बसवायच्या भिंगाचा आकडा काढायला शस्त्रक्रियेपूर्वीची मापे फार उपयोगी पडतात. डॉक्टरांनी ती मागितली तेव्हा आमच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. भाची वही घेऊन आली आणि लिहीत बसली. सौभाग्यवती दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "यातलं निम्मं तुम्ही मलाही सांगितलं नव्हतं."

तपासणीला आम्ही भाचीबरोबर गेलो. बाहेरच्या बाकावर दोन तास गेले आणि त्या बाकाने आम्हांला पुष्कळ शिकवले. आठवड्यापूर्वी शस्त्रक्रिया झालेली एक गृहिणी आनंदाने फुलून गेली होती. पोळ्या लाटताना वाफेने काच धुकटत नाही, एवढ्या सुखावर तिला सारे जग माफ होते. शेजारचा तरुण खाली मान घालून बसला होता. त्याची कॉर्निया तपासणीत कमकुवत निघाली. लेझर केले तर ती शंकूसारखी पुढे फुगण्याचा धोका होता, म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. "इतके दिवस पैसे साठवले," असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याचा डोळा त्या नकारानेच वाचला होता, पण त्या घटकेला हे त्याला कोण पटवणार? तिसरा मुलगा रेल्वेत लोको पायलटच्या भरतीची तयारी करणारा. चष्मा चालत नाही म्हणून लेझर करावे, असा त्याचा बेत. भाचीनेच त्याला भ्रमणध्वनीवर भरतीची अधिसूचना उघडून दाखवली. त्या पदाला लेझर केलेला उमेदवार अपात्र ठरतो. तो मुलगा तपासणी न करताच उठून गेला. जाताना तो तिला "थँक्यू, ताई" असे म्हणाला.

भाचीच्या तपासण्या आमच्या काळाहून पुष्कळ अधिक झाल्या. कॉर्नियाच्या चढउतारांचा रंगीत नकाशा निघाला. जाडी 548 मायक्रॉन भरली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक. अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजले. पापणीखाली कागदाची पट्टी अडकवून अश्रू किती येतात ते पाहिले. मग तिने वही उघडली आणि तरुण डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारला. त्यांनीही न कंटाळता उत्तरे दिली. नव्या यंत्रांत घडवलेले वर्तुळ मोठे आणि कडेला उतरते असते, त्यामुळे खळी कमी दिसतात; पण मुळीच दिसणार नाहीत असे वचन देता येत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. शेवटी ते आमच्याकडे वळून हसत म्हणाले, "या प्रश्न कुठून शिकून आल्या?" आम्ही काही बोललो नाही.

दोन महिने विचार करून तिने शस्त्रक्रिया करून घेतली. नंबर गेला. तिसऱ्या आठवड्यात तिचा रात्री फोन आला. "मामा, स्टेशनबाहेरच्या दिव्यांना खळी दिसतात हो, तुम्ही सांगितलं होतंत तशी." आमच्या पोटात गोळा आला. ती पुढे म्हणाली, "पण घाबरले नाही. स्कूटर दोन महिने बाबाच चालवणार आहेत. मला फक्त तुम्हांला सांगायचं होतं." खळी हळूहळू विरली, थेंबांची गरज चार महिन्यांनी संपली. कागदांच्या तीन प्रती काढून त्यांतली एक तिने आमच्या कपाटात ठेवली आहे.

त्या फोननंतर आम्हांला नीट झोप लागली नाही. तीच खळी 1999 साली आम्ही पाहिली आणि रस्त्याच्या कडेला घाबरून उभे राहिलो. तीच हिने पाहिली आणि फोन उचलून सांगितली. दोन्ही वेळी दिवे सारखेच होते. तिला ते आधी कोणी तरी सांगून ठेवले होते, एवढाच फरक.

येणाऱ्या रविवारी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्या आता मुख्याध्यापिका आहेत. मेजावर थेंबांची बाटली होतीच. चहा झाल्यावर आम्ही म्हणालो, "बाई, 2004 साली तुम्ही आम्हांला एक प्रश्न विचारला होता. त्याचं अर्धंच उत्तर आम्ही दिलं. उरलेलं द्यायला आज आलो आहोत." मग आमच्या खळ्यांविषयी, थेंबांविषयी, गप्प बसण्याविषयी सारे सांगितले. वडिलांचे ते वाक्यही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. पण चष्मा हरवल्यावर वडील जसे काही बोलले नव्हते, तशाच त्याही बोलल्या नाहीत. केवळ एवढेच म्हणाल्या, "भाचीला सांगितलंत ना, सर? बरं झालं."

निघायला उशीर झाला, अंधार पडला होता. त्या आम्हांला फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या. रस्त्यावरच्या दिव्यांना नेहमीप्रमाणे खळी पडली होती. पायरी उतरताना आम्ही चाचपडलो, तेव्हा त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "थांबा सर, रात्री तुम्हांला दिसायला त्रास होतो ना. हात धरा."

इतक्या वर्षांत हे आम्हांला कोणी म्हटले नव्हते, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हते. आम्ही हात पुढे केला.